सही नसलेली काच

गिरगावातल्या आमच्या जुन्या घरी दिवाणखान्यातून गॅलरीत जायच्या दाराला दोन फळ्या होत्या आणि प्रत्येक फळीच्या वरच्या अर्ध्या भागात रंगीत काचेचं एकेक तावदान होतं. पावणेदोन फूट रुंद, अडीच फूट उंच. मधोमध जेवणाच्या ताटलीएवढा एक गोल, त्यात फांदीवर बसलेला पक्षी. भोवती फिकट हिरव्या-पिवळ्या काचांचे चौकोन, कडेने निळी पट्टी आणि चारी कोपऱ्यांत लालभडक तुकडे. सकाळी ऊन आलं की ते लाल तुकडे जमिनीवर उतरायचे. आम्ही मुलं त्यांवर पाय ठेवून "भाजलं, भाजलं" म्हणून ओरडायचो.

घरात या काचांना एकच नाव होतं : 'बेल्जमची काच'. पणजोबांनी बसवून घेतली, एवढंच सगळ्यांना माहीत. कुठून आणली, कोणी केली, किती पैसे पडले, हे विचारायचं कधी कोणाला सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इमारत पुनर्विकासाला गेली. दारं उतरवली आणि माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, तावदानांचे फोटो चोरबाजारातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवले. त्याने फोनवर बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाला, "टिफनी. न्यूयॉर्कचा माल आहे." नुसती जुनी काच म्हणून एक भाव, टिफनी म्हणून त्याच्या चौपट. फक्त तसं सांगणारा एखादा कागद हवा. तावदानांवर सही नाही, मग घराण्याचा इतिहास तरी हवा. गिऱ्हाइकासाठी तारीख १८९० लिहायची, आणि माल परदेशी जायची वेळ आली तर १९३० म्हणायचं, कारण शंभर वर्षांवरची वस्तू आपल्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. हेही त्यानेच समजावून सांगितलं.

दादा मला म्हणाला, "अगं, तू लिहितेस ना काहीबाही? दोन पानं लिहून दे. त्यात खोटं काय आहे? कोणीतरी केलंच असणार ना ते!"

त्याला पैशांची गरज होती, हे मला ठाऊक होतं. तात्पुरत्या घराचं भाडं वेळेवर मिळत नव्हतं आणि मुलीच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. त्यामुळे मी लगेच नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी बघते तरी. तावदानं गोधड्यांत गुंडाळून डोंबिवलीला माझ्या घरी आली आणि पुढचे आठ-नऊ महिने माझे त्यांच्यातच गेले.

*

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. हातात नाव होतं, म्हणून त्या नावाची चित्रं शोधली आणि आपली काच त्यांच्यासारखी दिसते का ते पाहिलं. अशाने फार लवकर फसायला होतं. लाल, निळी, पिवळी काच आणि मधे शिशाच्या रेघा एवढं साम्य जगातल्या बहुतेक रंगीत खिडक्यांत असतंच.

आपल्याकडे याचं घरगुती उदाहरण आहे. चुन्याशिवाय रचलेलं, काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. देऊळ शिलाहारांच्या काळातलं, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी पुष्कळांच्या तोंडी तेही हेमाडपंतीच. हे नाव कर्त्याचं राहिलेलंच नाही. ते एका फडताळाचं नाव झालंय, जुना दगड दिसला की त्यात ठेवून द्यायचा. 'बेल्जमची काच' हे मुंबईच्या जुन्या घरांतलं तसंच एक फडताळ, आणि 'टिफनी' हे बाजारातलं.

बरं, सही असती म्हणून तरी काय मोठंसं झालं असतं? तुकोबांच्या गाथेत प्रक्षिप्त अभंग वेगळे काढताना अभ्यासकांना 'तुका म्हणे' या मुद्रेचा काही उपयोग होत नाही, कारण मागाहून घुसडलेल्या अभंगांतही ती असतेच. तिथे भाषा पाहावी लागते, हस्तलिखितांची परंपरा पाहावी लागते. टिफनीच्या काचेच्या भांड्यांवर 'एल. सी. टी.' अशी अक्षरं कोरलेली असतात आणि दुसऱ्यांच्या भांड्यांवर तीच अक्षरं मागाहून कोरण्याचा उद्योगही जुनाच आहे. सही हा पुरावा असतो, पण तोही तपासून घ्यावा लागतो.

इंग्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या असंख्य खिडक्यांवर सहीच नाही. काही कारखान्यांनी खुणा ठेवल्या. चार्ल्स केंप याच्या खिडक्यांत कडेला कुठेतरी गव्हाची पेंढी सापडते. १९०७ मध्ये तो गेल्यावर वॉल्टर टॉवर या त्याच्या नातलगाने धंदा चालवला आणि पेंढीवर एक काळा बुरूज काढायला सुरुवात केली, कारण त्याचं आडनावच टॉवर. निनियन कॉम्परची खूण रानटी स्ट्रॉबेरी, व्हाइटफ्रायर्सच्या पॉवेल कारखान्याची खूण पांढऱ्या झग्यातला साधू. मी भिंग घेऊन आमच्या तावदानांचा कोपरान् कोपरा पाहिला. पेंढी नाही, फळ नाही, साधू नाही.

देवळाचं किंवा चर्चचं काम असेल तर निदान कागद तरी असतात. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ मध्ये वापरात आलं आणि तिथल्या मोठ्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या आहेत, हे आपल्याला माहीत आहे. समितीच्या बैठका झाल्या, वर्गणी गोळा झाली, हिशेब ठेवले गेले. पणजोबांच्या दाराचा हिशेब कोण ठेवणार? जिथे कागद नाहीत, तिथे काचेलाच विचारावं लागतं.

*

काचेला कसं विचारायचं, हे मला एका बाईंनी शिकवलं. त्या जुन्या रंगीत खिडक्यांची दुरुस्ती करतात. त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही. तावदान उजेडात तिरकं धरून त्या काचेचा पृष्ठभाग पाहत बसल्या. म्हणाल्या, "पक्षी नंतर. आधी बुडबुडे."

हाताने फुंकलेली सपाट काच मुख्यतः दोन तऱ्हांनी करत. एकीत फुंकलेला गोळा गरगर फिरवून त्याची चपटी थाळी करायची. तिच्यातले बुडबुडे आणि लहरी वर्तुळाच्या कडेसारख्या वळलेल्या असतात. दुसरीत लांब नळकांडं फुंकायचं, ते उभं चिरायचं आणि भट्टीत उलगडून सपाट करायचं. तिच्यातले बुडबुडे एकाच दिशेने लांबट ओढलेले दिसतात. तिसरी तऱ्हा यंत्राची. वितळलेली काच लोखंडी टेबलावर ओतून तिच्यावरून रूळ फिरवायचा. अशा काचेचं पेटंट संडरलंडच्या जेम्स हार्टलीने १८४७ मध्ये घेतलं. रुळाची काच स्वस्त पडते, जाडीला बरीचशी सारखी असते आणि तिच्यावर रुळाचा खरखरीतपणा उतरतो.

आमच्या तावदानांतले हिरवे-पिवळे चौकोन रुळाचे निघाले. निळी पट्टी आणि मधला गोल फुंकलेल्या नळकांड्याचे. म्हणजे एकाच तावदानात निदान दोन जातींची काच, आणि दोन्ही एकाच ठिकाणची असण्याची काही गरज नाही. खिडक्या करणारे बहुतेक कारखाने काच विकतच आणत.

कोपऱ्यातल्या एका लाल तुकड्याचा टवका उडाला होता. बाईंनी तो भिंगाखाली दाखवला. काच लाल नव्हतीच! जवळजवळ बिनरंगी काच आणि तिच्यावर केसाएवढा लाल थर. तांब्याने येणारा लाल रंग इतका गडद असतो की आख्खी काच त्याची केली तर ती काळी दिसते. म्हणून बिनरंगी काचेवर लाल काचेचं पातळ अस्तर चढवून ती फुंकतात. ही युक्ती मध्ययुगापासूनची. लहानपणी ज्याच्यावर पाय भाजायचे, तो लाल रंग एवढासाच होता.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र शिशाखाली होता. काचेचे तुकडे जोडायला शिशाची पट्टी वापरतात. तिचा छेद इंग्रजी 'एच'सारखा, दोन्ही बाजूंना खाच, खाचेत काच बसते. एका जागी पट्टीचा ओठ उचकटला होता. तिथे गोलाची जी कड झाकलेली होती ती पाण्यासारखी बिनरंगी, आणि उघडा भाग अगदी पुसट जांभळा. जुन्या काळी काचेतली लोखंडाची हिरवट झाक मारायला मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हळूहळू जांभळट होते. साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजचा हा वापर मागे पडत गेला. ही जांभळी झाक चढायला कित्येक दशकं सकाळचं ऊन लागलं असणार. तारीख नेमकी कळली नाही, पण मधला गोल बहुधा महायुद्धाआधीचा आणि तावदान त्या गॅलरीत फार काळ उभं होतं, एवढं तरी काचेने स्वतः सांगितलं.

शिशानेही थोडं सांगितलं. पट्ट्या चरकातून ओढून काढतात, त्यामुळे आतल्या बाजूला चरकाच्या दात्यांचे वळ उमटतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या काही इंग्रजी चरकांच्या दात्यांवर नाव आणि साल कोरलेलं असे. ते शिशाच्या आत उमटायचं आणि खिडकी मोडल्याखेरीज कोणाला दिसायचं नाही. आमच्या पट्ट्यांत नुसते वळ होते. पण तळाची निळी पट्टी बाकीच्या तिन्हींपेक्षा पाव इंच अरुंद होती आणि तिच्या बाहेरचं शिसं वेगळ्या जाडीचं. बाई म्हणाल्या, "हे तयार आलंय. इथे दारात बसेना, म्हणून कोणीतरी खालून छाटलंय." दाराची चौकट सागवानी, अगदी मुंबईची. म्हणजे तावदान आधी झालं, दार नंतर, आणि त्या दोघांचं जमवून देणारा तिसराच कोणी.

आता पक्षी. एका गोलात दुभंगलेल्या शेपटीची पाकोळी, दुसऱ्यात तांबड्या छातीचा लहानसा पक्षी. त्याला आम्ही घरी चिमणी म्हणायचो. तो इंग्लंडमधला रॉबिन होता. तपकिरी रेघा लोहभस्म आणि काचेची पूड यांच्या रंगाने काढून भट्टीत भाजलेल्या. पिवळा रंग चांदीच्या क्षाराचा. तो काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजतात, की चांदी काचेत शिरते आणि काचच पिवळी होते. युरोपात ही रीत चौदाव्या शतकापासून आहे. पक्ष्यांचे असे गोल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत इंग्लंडमधल्या मध्यमवर्गी घरांच्या दारांत आणि जिन्यांवरच्या खिडक्यांत सर्रास असत. पाकोळीच्या पंखांच्या रेघा सफाईदार होत्या, पण सवयीच्या सफाईच्या. हाच पक्षी त्या हाताने पुष्कळदा काढला असावा.

*

मग टिफनी? आमच्या काचेचा त्याच्याशी काही संबंध नाही हे तोवर स्पष्ट झालं होतं. टिफनीची ओळख म्हणजे दुधाळ, ढगाळ, एकाच तुकड्यात तीन-चार रंग मिसळलेली अमेरिकी काच. चेहरे आणि हात सोडले तर रंगवायचं शक्यतो टाळायचं. वस्त्राच्या चुण्या हव्या असतील तर गरम काचेलाच चुण्या पाडायच्या, छटा गडद हवी असेल तर मागे दुसरी काच लावायची. आमची तावदानं याच्या अगदी उलट : पारदर्शक काच आणि तिच्यावर रंगकाम. शिवाय दुधाळ काच असती तरी तेवढ्याने टिफनी ठरत नाही. अशा काचेच्या खिडक्यांचं पेटंट जॉन ला फार्ज या चित्रकाराने १८८० मध्ये घेतलं, टिफनीची पेटंटं त्यानंतरची. इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावचा कारखाना १८८८ पासून अशी काच करतोय आणि त्याच्या गिऱ्हाइकांत खुद्द टिफनीही होता.

तरीही मी टिफनीबद्दल वाचत राहिले, कारण वाचता वाचता माझा प्रश्नच बदलला. 'टिफनीने केलं' म्हणजे कोणी केलं?

१८९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या काच कापणाऱ्या पुरुष कारागिरांनी संप केला. तेव्हा टिफनीने बायकांचा वेगळा विभाग उभा केला. त्याची प्रमुख ओहायोहून आलेली क्लारा ड्रिस्कॉल. लग्न झालेल्या बाईला तिथे नोकरी नव्हती. क्लारा नवरा वारल्यावर परत कामावर आली होती. या बायका आराखड्यावरून काच निवडत, कापत, तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी गुंडाळत. क्लारा घरी आईला आणि बहिणींना लांबलचक पत्रं लिहायची. त्यांत रोजच्या कामाच्या गोष्टी असायच्या : कुठला दिवा सुचला, कुठल्याचा खर्च जास्त झाला, पुरुषांच्या संघटनेशी काय वाद झाला. ती पत्रं शंभर वर्षांनी अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांवर प्रदर्शन भरवलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलेला चतुरांचा दिवा, निळ्या-जांभळ्या फुलांच्या घोसांचा विस्टेरिया दिवा, असे टिफनीचे म्हणून जगभर ओळखले जाणारे कितीतरी दिवे क्लाराच्या कल्पनेतले होते. दिव्यांवर सही होती. सही खोटी नव्हती, कारण कारखाना टिफनीचाच होता. पण त्या सहीमागे सुमारे शंभर वर्षं कोणी शोधलं नाही, कारण सही असल्यावर कोण कशाला शोधतं?

विल्यम मॉरिसच्या कारखान्याची गोष्ट थोडी वेगळी. १८६१ मध्ये तो सुरू झाला. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स पूर्णाकृती आराखडा काढायचा, रंग कुठला कुठे हे बराच काळ मॉरिस ठरवायचा, काच पॉवेल कारखान्यातून यायची आणि प्रत्यक्ष रंगवायचं काम जॉर्ज कँपफील्डसारखे नोकरदार कारागीर करायचे. १८९६ मध्ये मॉरिस गेला, १८९८ मध्ये बर्न-जोन्स. कारखाना १९४० पर्यंत चालला आणि बर्न-जोन्सचे जुने आराखडे पुन्हा पुन्हा वापरत राहिला. तेव्हा १९२० साली बसवलेली 'बर्न-जोन्सची खिडकी' नेमकी कोणाची? हे सगळं आज सांगता येतं ते हिशेबाच्या वह्या उरल्या म्हणून, आणि ए. सी. स्यूटर या अभ्यासकाने त्यांच्या आधारे दोन जाडजूड खंड सिद्ध केले म्हणून. त्यातला पहिला १९७४ चा.

म्हणजे कर्ता शोधायचा तर एक नाव शोधून भागत नाही. काच कोणी वितळवली, चित्र कोणी योजलं, कोणी रंगवून भाजलं, शिशात कोणी बसवलं आणि पुढे शंभर वर्षांत कोणी कोणी हात लावला, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. बाजाराला यातलं एकच उत्तर हवं असतं, आणि तेही छापील.

'बेल्जम'च्या बाबतीत मला घराची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. ते नाव कोणी हवेतून काढलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात शार्लरुआच्या आसपासच्या कारखान्यांतून खिडक्यांची काच जगभर जात होती आणि मुंबईच्या बाजारातही ती भरपूर होती. इथल्या माणसाच्या दृष्टीने चांगली सपाट काच म्हणजे बेल्जमची. आमच्या तावदानांतला एखादा तुकडा तिथला असेलही. गंमत अशी की हेच पणजोबा पैसा फंडात दर वर्षी न चुकता पैसा टाकायचे. त्या एकेका पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला आणि लोकमान्यांचा त्याला भक्कम पाठिंबा होता. पण तिथे व्हायचा तो मुख्यतः दिव्यांच्या चिमण्या, बाटल्या असा पोकळ माल. दारात लावायला रंगीत तावदान हवं तर ते परदेशीच घ्यावं लागे. पणजोबांनी ते स्वदेशीच्या आधी घेतलं की नंतर, हे काच सांगत नाही. मला ते आधी घेतलेलं असावं असं वाटतं. पण ही नातेवाइकाची इच्छा झाली, पुरावा नव्हे.

*

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. बाई पहिल्यांदा यायच्या आधीच्या आठवड्यात मी उत्साहाने तावदानं पुसायला घेतली. पाकोळी स्वच्छ निघाली. रॉबिनवर ओला कापूस फिरवला आणि कापूस तपकिरी झाला. मला वाटलं धूळ. म्हणून थोडं स्पिरिट लावून पुन्हा चोळलं. मग लक्षात आलं की शेपटीचं एक टोक गेलं.

भाजलेला रंग असा निघत नाही. काचेचाच भाग झालेला असतो तो. बाईंनी पाहिलं तेव्हा त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी दाखवलं, की रॉबिनच्या गोलाचा खालचा तिसरा हिस्सा वेगळाच आहे. फांदीच्या रेघेलगत एक जास्तीची शिशाची पट्टी आहे, तिच्याखालची काच रुळाची आहे, तिला जांभळी झाक नाही, आणि तिच्यावरचं चित्र साध्या तेलरंगात काढलेलं आहे. गोल कधीतरी फुटला होता आणि कोणीतरी तो जोडला होता.

कधी, याचा अंदाज घरातल्या गोष्टींतून लागला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. दूरदूरच्या घरांच्या काचा तडकल्या. आमच्या घराच्याही फुटल्याचं आजी सांगायची. पण त्यांत 'चिमणीवाली' होती का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मी फार तर 'बहुधा' म्हणू शकते.

कोणी जोडला, हे मात्र एका अर्थी कळलं. त्या माणसाने रॉबिन कधी पाहिला नव्हता. खालचा भाग फुटून गेलेला, शेपटी कशी होती ते ठाऊक नाही. मग त्याने शेजारच्या तावदानाकडे पाहिलं आणि पाकोळीची दुभंगलेली शेपटी या पक्ष्याला लावून दिली. रॉबिनची शेपटी लहान, साधी असते. आम्ही तीन पिढ्या तो पक्षी रोज पाहिला आणि कोणाला काही खटकलं नाही. त्याने लावलेली लांबी, म्हणजे पुट्टी, अजून घट्ट होती. सोल्डरचे डाग ओबडधोबड, पण ऐंशी वर्षांत एकही सुटला नव्हता. इंग्लंडमधल्या कारखान्यात तो पक्षी काढणाऱ्या हाताने तो शेकडो वेळा काढला असेल. या मुंबईच्या मिस्त्रीने तो एकदाच काढला, विचार करून काढला. दोन्ही तावदानांत एक विशिष्ट माणूस म्हणून मला ओळखू येतो तो हा एवढाच. आणि त्याच्या कामाचा निम्मा भाग मी कापसाने पुसून टाकला होता.

व्यापाऱ्याला ही शेपटी आधीच खुपत होती. "तो भाग नवीन करून घेऊ, ओरिजिनलसारखा," तो म्हणाला होता. बाईंनी विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उरलंय ते राहू द्या. मी फक्त ते आणखी जाणार नाही एवढं बघते."

*

दादाला मी दोन पानं लिहून दिली. त्यांत असं लिहिलं : रंगीत काचेच्या तावदानांची जोडी. कर्त्याचं नाव नाही, सही वा खूण नाही. चित्रांची रीत इंग्लंडमधली, अंदाजे १८८० ते १९००. काच निदान दोन प्रकारची. ती इंग्लंडची, बेल्जमची किंवा आणखी कुठली असू शकते. तयार आणून मुंबईत सागवानी दारात छाटून बसवलेली. दुसऱ्या तावदानातला गोल फुटल्यावर मुंबईतच दुरुस्त केलेला, बहुधा १९४४ नंतर. शेपटीचा काही भाग अलीकडच्या सफाईत नष्ट. शेवटच्या वाक्याखाली माझं नाव घातलं.

दादाने ते उभ्यानेच वाचलं. "म्हणजे टिफनी नाही."

"नाही."

"आणि शेपटीचंही लिहिलंस?"

"ती मीच पुसली ना, दादा."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे वाचून कोण घेणार?" राग आलेलाच होता त्याला, आणि त्याचं चूक होतं असं मला म्हणवत नाही. चोरबाजारातल्या व्यापाऱ्याने कागद वाचून पूर्वीचाच, नुसत्या जुन्या काचेचा भाव सांगितला; तोही एकट्या पाकोळीचा. फुटकी नको म्हणाला. शेवटी पाकोळी पुण्याकडे घर बांधणाऱ्या एका कुटुंबाने घेतली, व्यापाऱ्यापेक्षा थोड्या बऱ्या भावात. ते पैसे सगळे दादाने घेतले, आणि रॉबिन माझ्याकडे राहिला.

जोडी फुटली याचं मला वाईट वाटलं, आणि त्यात एक अडचणही होती. रॉबिनला दुभंगलेली शेपटी का, याचं उत्तर पाकोळीत आहे. ती शेजारी नसेल तर पुढे कोणीतरी म्हणेल, चित्रकार अडाणी होता, किंवा हा कुठला तरी दुर्मीळ पक्षी आहे. म्हणून त्या कुटुंबाला दिलेल्या कागदाला मी रॉबिनचा फोटो जोडला आणि रॉबिनच्या चौकटीमागे एका पाकिटात पाकोळीचा. दोन्हींवर साल आणि आमच्या वाडीचं नाव लिहिलं.

डोंबिवलीच्या घरात त्याला बसवायला दार नाही. खिडकीला टेकवून एका स्टुलावर ठेवलाय. खिडकी पश्चिमेची आहे, त्यामुळे लाल तुकडे आता संध्याकाळी जमिनीवर येतात.